पाणी स्थिर होईपर्यंत

“शालन, बाजूला हो जरा. उजेड अडवतेयस,” मास्तर म्हणाले. मी हलले नाही.

समोर ईझलवर नवं चित्र होतं. रंगाचा वास अजून ताजा होता. पलीकडचा बांध, बांधावरच्या बाभळी, पाण्यात उतरत गेलेले दगड आणि त्यातला एक सपाट काळा, ज्यावर गावातल्या बायका धुणं आपटतात. माळेवाडीचं तळं. ते तळं मास्तरांना मीच सुचवलं होतं, ‘आमच्या पाहुण्यांच्या गावाला एक तळं आहे, बघाच एकदा’ असं म्हणून. पाहुणे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. कुसूमआक्का तिथं दिली होती, आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, त्याच तळ्यात बुडून ती गेली होती. तिचं दिवसकार्य उरकून मी त्या सकाळी पहिल्यांदाच क्लासला आले होते. क्लासमधल्या पोरींनी मास्तरांना एवढंच सांगितलं होतं की शालनची बहीण वारली. कुठं, कशी, हे त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांना माणसांची चौकशी करायची सवय नव्हती.

“मास्तर, हे कधी काढलंत?”

“करीला. घरात सगळे मागं लागले, आज बाहेर पडू नका, दिवस चांगला नसतो. म्हटलं, मग तर बरंच झालं. तळ्यावर चिटपाखरू नसेल.”

“आणि नव्हतं?”

“दोघं होती की. दिसत नाहीत होय तुला?”

दिसत होती. तेवढीच दिसत होती. काळ्या दगडाशी लाल साडीतली बाई, नखाएवढी. तिच्या मागं बांधावर पांढऱ्या कपड्यातला पुरुष. दोघांना चेहरे नव्हते, एवढ्या लांबून चेहरे कुठले दिसणार. पण मास्तरांचा हात असा होता की ब्रशचे दोन फटके मारले तरी माणूस कसं उभं आहे ते कळायचं. बाईनं बादली डाव्या हातात धरली होती आणि मान एका खांद्यावर टाकली होती. आमची आक्का डावरी. कुणी रागावून बोलायला लागलं की ती लहानपणापासून अशीच मान टाकायची, आई तर म्हणायची, हिला बोलायचं म्हणजे दगडाला बोलायचं. आणि तो मागचा पुरुष सगळा भार डाव्या पायावर देऊन, उजवा हात मागं कमरेवर ठेवून, कोपर बाहेर काढून उभा होता. तालमीत कुस्ती खेळताना कंबर दुखावली तेव्हापासून माझा मेहुणा विलास तसाच उभा राहायचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा तसाच उभा आहे.

आणि विलास करीच्या सकाळी माळेवाडीत नव्हताच. पहाटेपासून उसाची गाडी घेऊन साखर कारखान्यावर रांगेत होता. त्याच्या भावकीतल्या तिघांनी तसं लिहून दिलं होतं. आक्का एकटीच धुण्याला गेली, दगडावरून पाय घसरला, डोक्याला मार बसला, संपलं. कागद तयार होते.

मी खाली बसले. तिथंच, रंगांच्या डागांनी भरलेल्या त्या फरशीवर.

“काय गं? बरं नाही वाटत?”

“मास्तर, ही माझी आक्का आहे.”

इथं मास्तरांबद्दल थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. भालचंद्र इंगळीकर म्हणजे कोल्हापुरात त्या काळी निसर्गचित्रातलं मोठं नाव. शुक्रवार पेठेत एका माडीवर त्यांचा क्लास होता. त्यांचा एकच नियम होता आणि तो ते दिवसातून दहादा ऐकवायचे. डोळ्यांनी पाहिलं नाही ते हातानं काढायचं नाही. एकदा आमच्यातल्या एका पोरानं आभाळ मोकळं वाटतंय म्हणून चार पक्षी उडवले. मास्तरांनी टर्पेन्टाइनच्या फडक्यानं ते पुसले आणि विचारलं, “हे कुठनं आले? तू बोलावलेस?” आम्ही कितीतरी दिवस एकमेकांना तेच म्हणून चिडवत होतो. हिरव्या रानात रंग खुलावा म्हणून एखादी लाल साडीची बाई घालायची बऱ्याच चित्रकारांना खोड असते. मास्तर त्यांना कॅलेंडरवाले म्हणायचे. स्वतः मात्र खरी बाई खरंच येईपर्यंत उन्हात तासन्‌तास बसून राहायचे. नाही आली तर लाल रंगाशिवाय चित्र पुरं करायचे. मला या माणसाचा केवढा अभिमान होता. देवाच्या जागी होते म्हटलं तरी चालेल.

तर त्या सकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. आक्का दिवाळीला आली तेव्हा पाठीवरचे वळ कसे दाखवले ते. ‘संक्रांतीचं वाण तेवढं होऊ दे, मग सारिकाला उचलून येते बघ, परत जायची नाही,’ असं म्हणाली होती ते. सारिका म्हणजे तिची मुलगी, नुकती बोलायला लागलेली. मास्तर स्टुलावर बसून ऐकत होते. हातातला ब्रश त्यांनी खाली ठेवला नव्हता.

“काय पाहिलंत मास्तर तुम्ही?”

“बोलत होती दोघं. म्हणजे तो बोलत होता. ती ऐकत होती. मला बरं वाटलं, ती हलत नव्हती. पटकन दोघंही लावून घेतली, पाण्यातल्यासकट.”

“आणि मग?”

“मग मी मान खाली घालून रंग कालवत होतो. पाण्यातला हिरवा जमत नव्हता. वर पाहिलं तर दोघंही नव्हती. मला वाटलं, गेली घरी.”

“आवाज नाही आला काही?”

मास्तरांनी चित्रातल्या पाण्याकडं पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, “पाणी हललं होतं. त्या अंगाचं सगळं प्रतिबिंब मोडून गेलं. मला राग आला, कुणीतरी दगड टाकला म्हणून. मी थांबलो. पाणी स्थिर होईपर्यंत थांबलो, आणि मग राहिलेलं काढलं.”

हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेले नाही. माझी आक्का पोहणारी होती. आबांनी तिला पंचगंगेत पोहायला शिकवलं होतं, पूर आला की ती पोरांच्या बरोबरीनं उड्या मारायची. डोक्याला लागल्यावर ती किती वेळ धडपडली असेल ते देवाला ठाऊक. आणि समोरच्या काठावर हा माणूस पाणी कधी शांत होतंय याची वाट पाहत बसला होता. पण त्या वेळी मला त्यांचा राग आला नाही, खरंच नाही आला. ब्रश अजून त्यांच्या हातातच होता आणि मला त्यांचीच दया आली.

“मी सांगतो,” ते म्हणाले. “फौजदाराला सांगतो. जे पाहिलं ते सांगायला कसली भीती? उद्या घेऊन ये त्यांना. चित्रही दाखवू.”

मी त्यांच्या पाया पडले. तेही सांगून टाकते.

घरी आबा ओट्यावर विडी ओढत बसले होते. एसटीत ड्रायव्हर होते ते. आक्का गेल्यापासून ड्यूटीवर गेले नव्हते. फौजदाराकडं जाऊन जाऊन चपला झिजल्या होत्या, आणि फौजदार दरवेळी एकच म्हणायचा, डोळ्यांनी पाहिलेला माणूस आणा. नातीला आणायला गेले तर विलासच्या आईनं दारातूनच परत पाठवलं, आमचं लेकरू आहे म्हणून. आबांना दोनच गोष्टी पाहिजे होत्या, विलासच्या हातात बेड्या आणि सारिका आमच्या घरात. पहिली झाली असती तर दुसरी आपोआप झाली असती.

मी सांगितलं तसे आबा उठून उभे राहिले. “मास्तर म्हणाले असं? स्वतःच्या तोंडानं?”

“चित्रच आहे आबा. त्यांनी बघितल्याशिवाय काही काढलेलं नाही आजवर.”

“मग आता बघतो एकेकाला.”

“आबा, आत्ता कुठं बोलू नका. उद्या फौजदाराला घेऊनच जाऊ.”

“मी कशाला बोलतोय?” आबा म्हणाले.

आणि बोलले. नेमका त्याच संध्याकाळी स्टँडवर विलासचा धाकटा भाऊ त्यांच्या समोर आला. लोकांच्या देखत आबांनी त्याची गचांडी धरली आणि सांगून मोकळे झाले, की आता तुमची सुटका नाही, मास्तरांनी चित्र काढून ठेवलंय, त्यात तुझा भाऊ उभा आहे. रागाच्या भरात चांगलं खणखणीत ओरडून सांगितलं. घरी येऊन मला म्हणाले, “तोंड कसं पडलं होतं त्याचं, बघायला पाहिजे होतंस तू.” मी डोक्याला हात लावला. पण बाप माणूस, पोरगी गेलेली, त्यांना काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी फौजदार कुठल्याशा बंदोबस्ताला गेला होता. परवा येतो असा निरोप ठेवला होता. म्हणून मी एकटीच मास्तरांना सांगायला गेले. माडीखाली साखर कारखान्याची जीप उभी होती. जिन्यात मला विलासचे मामा भेटले. कारखान्याचे संचालक होते ते, खादीचे कपडे, मागं दोन माणसं. मला ओळखून त्यांनी हात जोडले. “वाईट झालं पोरी. देवाची इच्छा,” म्हणाले. वर मास्तर दारात उभे होते, खांद्यावर नवी शाल, हातात नारळ.

“कशाला आले होते हे?”

“कारखान्याच्या नव्या सभागृहासाठी चित्रं पाहिजेत म्हणे,” मास्तर म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले. “सगळ्या भिंतींना. मुंबईला प्रदर्शन भरवायचंही बोलत होते.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“बघू म्हणालो.”

“मास्तर, फौजदार परवा येणार आहे.”

“येऊ दे की. मी कुठं पळून चाललोय?” एवढं बोलून ते आत गेले आणि दार लोटून घेतलं. क्लासचं दार दिवसा कधी बंद नसायचं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण कळलं नाही. माणूस ज्याला देव मानतो त्याच्याबद्दल त्याला फार उशिरा कळतं.

फौजदार आला तो कंटाळूनच आला. जाडजूड, सारखा घाम पुसणारा माणूस होता. आबांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता, लग्नाला जावं तसा. आम्ही तिघं वर गेलो. चित्र ईझलवरच होतं. मास्तर त्याच्या शेजारी उभे होते, हातातलं फडकं पिळत.

बांधावर गाय होती.

पांढरी गाय, मान खाली घालून चरणारी. विलास उभा होता नेमक्या त्या जागी. गाय चांगली काढली होती, हे कबूल करते. मास्तरांना वाईट काढताच येत नव्हतं.

“कुठाय तो माणूस?” फौजदारानं विचारलं.

आबा चित्राच्या अगदी जवळ गेले, मग माझ्याकडं वळले. त्यांना वाटलं, आपल्यालाच दिसत नाहीये. “शाले, दाखव की साहेबांना.”

“मास्तर,” मी म्हणाले, “ही गाय कुठनं आली?”

“चरत होती,” मास्तर म्हणाले.

“तुम्ही बोलावलीत?”

त्यांच्या गालावरची शीर हलली. त्यांना आठवलं असणार.

मी पुढं होऊन गाईच्या पाठीवर बोट टेकवलं. बोटाला पांढरा रंग लागला, लोण्यासारखा ओला. बाकीचं चित्र तोवर सुकत आलं होतं. मी ते बोट फौजदाराच्या डोळ्यासमोर धरलं. “हे बघा साहेब. कालचा रंग आहे हा. खाली माणूस आहे, यांनी बुजवलाय. तेरवा यांनी स्वतः मला सांगितलं, दोघं होती म्हणून.”

“काय मास्तर?”

“तेलरंगाचं काम पुष्कळ दिवस चालतं साहेब,” मास्तर म्हणाले. “हात फिरवावा लागतो. पोरगी दुःखात आहे. तिला ज्यात त्यात बहीण दिसतेय.”

“आणि ही लाल साडीतली बाई? ही तरी होती का तिथं?”

मला वाटलं, निदान एवढं तरी. गाय घातली तर घातली, निदान आक्का होती एवढं तरी म्हणतील. तिथं आक्का करीच्या सकाळी उभी होती आणि मास्तरांनी तिला पाहिलं, एवढं कबूल केलं तरी फौजदाराला पुढं विचारता आलं असतं.

मास्तरांनी चित्राकडं पाहिलं. “बाई नव्हती,” ते म्हणाले. “हिरवं फार झालं की मध्ये लाल लागतो. म्हणून घातली. आम्ही चित्रकार घालतो असं.”

फौजदार हसला. वाईट मनानं नाही हसला, नुसता सुटल्यासारखा हसला. “काय ड्रायव्हर, चित्रातल्या बाईवरनं खुनाची केस करायला लावताय मला?” टोपी डोक्यावर ठेवून तो जिना उतरून गेला.

आबा तिथंच उभे होते. मला वाटलं, आता मास्तरांच्या अंगावर धावून जातील. गेले असते तर बरं झालं असतं. पण आबांनी हात जोडले. “मास्तर, माझी नात त्यांच्या घरात आहे हो,” एवढंच म्हणाले.

मास्तरांनी तोंड फिरवलं आणि ब्रश धुवायला घेतले. आधीच स्वच्छ असलेले ब्रश.

त्यानंतर मी त्या माडीची पायरी चढले नाही. परीक्षा दुसरीकडून दिली, शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाले आणि सगळी नोकरी पोरांना फुलदाणी आणि डोंगरामागचा सूर्य काढायला शिकवण्यात घालवली. डोंगरावर कुणी चार पक्षी उडवले तर मी पुसायला लावत नसे. मास्तरांची चित्रं कारखान्याच्या सभागृहात लागली, मुंबईला लागली, दिल्लीलाही गेली. तळ्याचं ते चित्र तर फार गाजलं. त्याला कुठलंसं पदक मिळाल्याचं पेपरात आलं तेव्हा आबा जेवत होते. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि ताक मागितलं. विलासनं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. त्याच्यावर कुणी बोट उचललं नाही. आबा नातीसाठी झुरत गेले. शेवटी शेवटी तर सारिका म्हणून मलाच हाक मारायचे.

सारिका मात्र पुढं आमच्याकडं आली, कॉलेजसाठी. विलासनंच पाठवली, मोठ्या मनानं. माझ्याच घरी राहिली, इथंच बँकेत लागली, इथंच तिचं लग्न झालं. आई पाय घसरून पडली आणि बाबा तेव्हा कारखान्यावर होते, एवढंच तिला माहीत होतं. मी सांगितलं नाही. लहान होती तोवर तिला त्याच घरात राहायचं होतं, आणि मोठी झाली तेव्हा तिचा बापावर जीव बसलेला. तसा तो तिच्याशी चांगलाच वागला, ते नाकारत नाही. आता म्हातारा झालाय, अर्ध्या अंगावरून वारं गेलंय, आणि दर आठवड्याला त्याची औषधं घेऊन माळेवाडीला हीच जाते. मग मी काय सांगायचं, आणि कशाच्या जोरावर? पुरावा म्हणून तर गाय होती.

गेल्या वर्षी मास्तरांची जन्मशताब्दी झाली. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. कोल्हापुरात त्यांच्या सगळ्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. मी जाणार नव्हते. सारिका पेपर घेऊन आली. “मावशी, हे बघ. आमच्या माळेवाडीचं तळं. चल ना गं, आपण बघून येऊ. तू तर त्यांची विद्यार्थिनी होतीस म्हणे, कधी बोलली नाहीस ते.”

“काय बोलायचं त्यात,” मी म्हणाले. पण गेले. का गेले ते मलाच ठाऊक नाही.

दालनात गर्दी होती. तळ्याच्या चित्रापुढं तर एक झब्बेवाले गृहस्थ दहा-बारा जणांना उभं करून समजावून सांगत होते. “या चित्रात बघा, सगळं शांत आहे. ऊन आहे, पाणी आहे, गाय चरतेय, बाई धुण्याला आलीय. तरी आपल्याला बरं वाटत नाही. काहीतरी घडणार आहे असं वाटत राहतं. ही अस्वस्थता कुठून येते, हे आजवर कुणालाच नेमकं सांगता आलेलं नाही. हेच इंगळीकरांचं मोठेपण. आणि लक्षात ठेवा, हा माणूस न पाहिलेली गोष्ट कधी काढत नसे.”

मंडळींनी माना डोलावल्या आणि ते पुढच्या चित्राकडं गेले. मी आक्काकडं बघत होते. डाव्या हातात बादली, मान खांद्यावर. रंग जरा काळवंडला होता, बाकी तशीच होती. विलासच्या घरात तिचा एक फोटोसुद्धा कुणी ठेवला नव्हता. सारिकाला मी सांगायला जाणार होते की ही बाई जरा नीट बघ.

पण ती पाण्याकडं बघत होती.

“मावशी, हे चुकलंय का गं?”

“काय?”

“वर गाय आहे. मग पाण्यात गाईचं प्रतिबिंब आडवं पडायला पाहिजे ना? हे तर उभं आहे.”

मी चष्मा पुसला आणि पुढं वाकले. काळ्या दगडाच्या खाली पाण्यात लाल रंग उतरला होता, आणि त्याच्या बाजूला पांढरा. उभा, लांब, माणसासारखा. खाली डोकं, वर पाय, पाण्यातलं माणूस दिसतं तसं. एक कोपर बाहेर आलेलं.

त्या दिवशी माडीवर मी गाईकडंच बघत राहिले होते, गाईलाच बोट लावलं होतं. आबा गाईकडं बघत होते, फौजदारसुद्धा. पाण्याकडं कुणी पाहिलं नाही. मास्तर तेवढं विसरले असतील? जो माणूस पाणी स्थिर होईपर्यंत थांबून प्रतिबिंब काढतो, तो वरचा माणूस बुजवून खालचा विसरेल? मुळीच नाही. मुद्दाम ठेवला त्यांनी. फौजदाराला गाय दाखवली, बापाला जोडलेल्या हातांनी परत पाठवलं, आणि खरं काय ते पाण्यात ठेवून दिलं, जिथं कुणाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्या खऱ्यावर पदक घेतलं. त्याच खऱ्यापुढं लोक माना डोलावत होते. कुणी म्हणेल, त्यांना पश्चात्ताप झाला असेल, तुझ्यासाठीच ठेवलं असेल. मला असला पश्चात्ताप नको आहे. तोंड होतं ना त्यांना? माझा बाप समोर उभा होता.

“माणूस आहे गं हा,” सारिका म्हणाली. तिनं मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली, चित्र उलटं दिसावं म्हणून. लहानपणी आक्का अशी पाटीवरचं लिहिलेलं उलट्या बाजूनं वाचायची. मला तिला तिथून ओढून न्यावंसं वाटलं. कॉफी प्यायला चल, असं काहीतरी मी म्हणालेसुद्धा.

तिनं ऐकलं नाही. हसून म्हणाली, “मावशी, गंमत बघ. बाबांसारखा उभा आहे. अगदी बाबांसारखा. हात मागं, कोपर बाहेर, सगळा भार या पायावर.”

मी चित्राकडंच बघत राहिले.

तिचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, मग हळूहळू गेलं. ती चित्राखालची पाटी वाचायला वाकली. पाटीवर लिहिलं होतं, ‘माळेवाडीचं तळं, संक्रांतीची कर.’ खाली साल होतं. आईचं श्राद्ध ती दर वर्षी करीच्या दिवशीच घालते.

“मावशी,” ती म्हणाली, “बाबा तर त्या दिवशी कारखान्यावर होते ना?”

मी तिच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली होती आणि आता आला तर मला तो नको होता.

“मास्तरांनी न पाहिलेलं कधी काढलं नाही,” मी म्हणाले.

“आई कुठल्या रंगाची साडी नेसली होती?”

“लाल.”

तिनं पर्स उघडली, काहीतरी शोधलं, पुन्हा बंद केली. पर्समध्ये बापाच्या औषधांची पिशवी होती, दुसऱ्या दिवशी माळेवाडीला न्यायची. मग ती पुन्हा चित्रासमोर उभी राहिली, आईकडं बघत. मी तिच्या शेजारी.

मागून कुणीतरी म्हणालं, “ताई, जरा बाजूला होता का? चित्र दिसत नाहीये.”

आम्ही दोघीही हललो नाही.